‘सगळं दिलं’ म्हणताना नेमकं काय दिलं?

हे पत्र वसईच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा सारांश देत आहोत.

लिहिणाऱ्या ताई ४८ वर्षांच्या आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांचे पती वारले. बोट पती आणि दीर यांच्या भागीतली. आता ती दीरच चालवतात आणि हंगाम कसा गेला ते पाहून जमेल तेवढी रक्कम ताईंच्या हातावर ठेवतात. हिशोब कधी दाखवलेला नाही. ताई बाजारात मासळी विकतात, मुलगा आणि मुलगी शिकत आहेत. चार वर्षांपूर्वी एका तीन दिवसांच्या साधनेत (प्रार्थना-शिबिरात) पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीसमोर, गुडघे टेकून त्या म्हणाल्या, ‘प्रभू, मी सगळं तुला दिलं. बोटीचं नाव पुन्हा काढणार नाही.’ खूप रडल्या, हलकं वाटलं. ते हलकेपण सात-आठ महिने टिकलं. आता जावेशी बोलताना शब्दाला धार येते, रात्री झोप लागत नाही, रोझरी (जपमाळ) म्हणताना ‘खडे मोजल्यासारखं’ वाटतं, आत्मा कोरडा पडल्यासारखा वाटतो. साधनेनंतर रोजचं आत्मपरीक्षण केलेलं नाही, असंही त्या लिहितात. यंदा मुलीची फी थकली आहे. प्रार्थनासमूहातल्या बायका म्हणतात, ‘तुझं समर्पण अर्धवट आहे, म्हणून शांती नाही.’ ताई विचारतात: माझं समर्पण खोटं होतं का? आता हिशोब मागितला तर देवाला दिलेला शब्द मोडेल का? चार वर्षांत मी आतून बदलले का नाही? आणि अगदी शेवटी एक ओळ आहे: एका आरोग्यप्रार्थनेनंतर त्या साखरेच्या आजाराच्या (मधुमेहाच्या) गोळ्या एक दिवसाआड घेऊ लागल्या आहेत.

ताई,

तुमची शेवटची ओळ आधी घेते. बाकीचं चार दिवस थांबू शकतं, हे थांबू शकत नाही. गोळ्या एक दिवसाआड घेणं हे समर्पण नाही. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये सिराकच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय काढून वाचा. वैद्याचा मान राखा, त्यालाही प्रभूनेच घडवलं आहे. औषधं प्रभूने जमिनीतून उगवली आहेत आणि शहाणा माणूस त्यांना तुच्छ मानत नाही, असं तिथे स्पष्ट सांगितलं आहे. आजारी पडल्यावर प्रार्थना करा आणि मग वैद्यालाही त्याची जागा द्या, असंही त्याच अध्यायात आहे. म्हणजे दोन्ही हवं. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस गोळ्या चुकवल्या ते लपवू नका. चुकलेल्यांची भरपाई म्हणून एकदम दोन गोळ्या घेऊ नका. गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही रक्ततपासणी करून घ्या.

हे आधी लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. साखर वाढली की थकवा येतो, रात्री वरचेवर उठावं लागतं, झोप मोडते, माणूस चिडचिडं होतं. तुम्ही ज्याला आत्म्याचा कोरडेपणा म्हणता त्यातला थोडाफार शरीराचा असू शकतो. शरीराचं दुखणं आत्म्याच्या नावावर टाकलं की माणूस उगीचच स्वतःला पापी ठरवत बसतो. आणि झोप उडणं, जेवणावरची वासना जाणं, कशातच मन न रमणं हे दोन आठवड्यांहून अधिक चाललं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मनाच्या त्रासाबद्दल मोफत बोलता येतं.

आता शब्द मोडण्याची भीती. ती खोटी नाही, देवाला दिलेला शब्द हलका नसतोच. पण चर्च याबाबत फार नेमकं बोलतं. १९८३च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, कलम ११९१ सांगतं की नवस म्हणजे देवाला विचारपूर्वक आणि मोकळ्या मनाने दिलेलं वचन, आणि ते शक्य असलेल्या व अधिक चांगल्या गोष्टीचं असावं लागतं. साधनेच्या तिसऱ्या दिवशी, रडून रडून मन भरून आलं असताना निघालेलं वाक्य विचारपूर्वक केलेला नवस होता की त्या क्षणाचा उद्गार, हे तुमच्या धर्मगुरूंसोबत बसून पाहायला हवं. नवस होता असं ठरलं, तरी खाजगी नवसातून मोकळीक देण्याचा अधिकार कलम ११९६नुसार धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) मुख्य धर्मगुरूंनाही आहे, योग्य कारण असलं आणि त्यात दुसऱ्या कोणाच्या हक्काला धक्का लागत नसला म्हणजे झालं. त्यासाठी बिशपांच्या घरापर्यंत जावं लागत नाही. जेझुइट संघ स्थापणाऱ्या आणि अशा साधनेचं पुस्तक लिहिणाऱ्या संत इग्नेशियसने तर साधना देणाऱ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं की साधक उमाळ्यात असताना त्याला घाईने वचन किंवा नवस करू देऊ नका. तुमच्या वेळी हे कोणी सांगितलं नसेल तर तो दोष तुमचा नाही.

याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. तुमच्या पतींनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर आपल्याला लागू होणारा भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ असं सांगतो की त्यांच्या वाट्यातला एक तृतीयांश पत्नीला आणि उरलेला दोन तृतीयांश मुलांना, समान. म्हणजे बोटीतला त्यांचा जो भाग होता त्यातल्या तीनपैकी दोन हिस्से कधीच तुमचे नव्हते. ते तुमच्या मुलाचे आणि मुलीचे होते. दुसऱ्याचं आपल्याला देवाला वाहता येत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात ७व्या अध्यायात प्रभू नेमका याच गोष्टीवर संतापतो. आईवडिलांना ज्याचा आधार व्हायचा ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं आहे, असं म्हणून लोक हात झटकत होते. त्यांना तो म्हणाला की तुम्ही तुमच्या रिवाजासाठी देवाची आज्ञा रद्द करता. तुम्ही हात झटकलेत असं मी मुळीच म्हणत नाही. तुम्ही भोळ्या मनाने केलंत. पण थकलेली फी त्या वाक्याची किंमत आहे आणि ती तुमची मुलगी भरते आहे.

मग तुमचं समर्पण खोटं होतं का? माझ्या मते खोटं नव्हतं, धूसर होतं. ‘सगळं’ हा शब्द फार मोठा आहे. तो उच्चारायला सोपा जातो, कारण त्यात काहीच वेगळं काढून पाहावं लागत नाही. मिस्सामध्ये अर्पणाची वेळ आठवा. वेदीवर ‘सगळं’ कोणी नेत नाही. एक भाकर नेतात, थोडा द्राक्षारस नेतात. त्या भाकरीबद्दल धर्मगुरू म्हणतात की ही भूमीची उपज आणि माणसाच्या हातांचं काम आहे. गहू नुसता पोत्यातून ओतून वाहत नाहीत. तो दळलेला, मळलेला, भाजलेला असतो. मग चषकात पाण्याचा एक थेंब पडतो, मोजून एवढासा, आणि तो पुन्हा वेगळा काढता येत नाही. अर्पण असं असतं: ठरावीक, हातात घेऊन पाहिलेलं, आणि लहान. तुम्ही दिराबद्दलचा राग, उद्याची भीती, नवऱ्यामागे एकटं पडल्याचं दुःख, ‘गरीब पण मानी विधवा’ ही गावातली तुमची ओळख, हे एकेक करून कधी हातात घेतलं होतं का? न बघता गाठोडं बांधलं आणि वेदीवर ठेवलं. ते गाठोडं आता घरी सुटतं आहे.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आठवा. ते आधी व्यापारी होते. जेझुइट संघात जाण्याची त्यांची इच्छा होती, ती पूर्ण झाली नाही. शेवटी मनिलात ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर गेले. इच्छा होती, ती उघड मागितली, नकार आला, वाट बदलली. त्यांच्या समर्पणात मागणं आणि नकार दोन्ही होते.

इथे तुमच्या पत्रातली एक समजूत मला हळूच बाजूला करायची आहे. समर्पण केलेल्या माणसाने काही मागू नये, असं तुम्ही धरून चालला आहात. मराठीत शरणागती आणि समर्पण हे दोन शब्द आपण सरसकट वापरतो, पण शरण जातो तो हरलेला असतो आणि समर्पण करतो त्याच्या हातात काहीतरी असतं. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतच पाहा. ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ म्हणून झालं की श्वास न घेता पुढचं वाक्य येतं: ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.’ समर्पणाच्या लगेच पाठोपाठ भाकर! गेथशेमानीच्या बागेत प्रभू आधी म्हणाला, हा प्याला माझ्यापासून दूर कर. मग म्हणाला, तरी माझ्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मत्तयच्या २६व्या अध्यायात ही प्रार्थना तीनदा येते. मारियामातेनेही ‘मी प्रभूची दासी’ म्हणण्याआधी देवदूताला विचारलं होतं, हे कसं होईल? आणि लूकच्या १८व्या अध्यायातली विधवा तर पुन्हा पुन्हा न्यायाधीशाच्या दारात जाते. तिचं प्रभू कौतुक करतो. प्रार्थनेत खचू नका हे सांगायला त्याला हक्कासाठी भांडणारी विधवाच उदाहरण म्हणून सापडली, हे तुमच्या समूहातल्या बायकांना जरूर वाचून दाखवा. प्रेषितांच्या कृत्यांत ६व्या अध्यायात विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना ‘समर्पण करा’ असं सांगितलं नाही. सात माणसं नेमून वाटपाची व्यवस्था सुधारली.

तर हिशोबाचं काय करावं? तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. आहे तसं गप्प राहायचं, थेट कोर्टात जायचं, किंवा मत्तय १८:१५-१७मध्ये प्रभूने सांगितलेल्या पायऱ्यांनी जायचं. गप्प राहणं फुकटचं नाही, हे चार वर्षांत दिसलं आहे. त्याचं बिल जाऊ आणि मुलं चुकती करतात. कोर्टाची वाट खुली आहे आणि त्यात पाप नाही, पण ती लांब आहे आणि तुमचं आणि दिराचं अंगण एकच आहे. म्हणून तिसरी.

पहिली पायरी: एकट्याने, समोरासमोर. त्याआधी एक कबूल करा. हिशोब तुम्ही पाहिलेलाच नाही, म्हणजे दीर लबाडी करतात हेही तुम्हाला ठाऊक नाही. डिझेल, बर्फ, खलाशांचे पगार, इंजिनचं काम, जाळ्यांची दुरुस्ती हे सगळं जाऊन हातात किती राहतं ते तुम्हाला त्यांच्याइतकं माहीत नसेल. कदाचित ते स्वतःच कर्जात असतील आणि वहिनीला सांगायची लाज वाटत असेल. कदाचित नसतीलही. वही उघडली की कळेल. वेळ निवडा ती १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीतली. बोट वर ओढलेली असते, माणसं घरात असतात, हंगामाचा हिशोब तसाही तेव्हाच होतो. हंगामाच्या धांदलीत, जेट्टीवर, खलाशांसमोर विषय काढू नका. शब्द साधे असू द्या: ‘भावोजी, सहा वर्षं तुम्ही बोट सांभाळलीत, त्याची मला जाणीव आहे. यंदाच्या हंगामाचा हिशोब आपण दोघं बसून पाहू या. मुलांच्या वाट्याचं मला कळायला हवं.’ यात देवाचं नाव आणू नका. ‘प्रभूने मला सांगितलं’ असं म्हटलं की समोरच्याला बोलायला जागा राहत नाही आणि देव भांडणात एका बाजूचा वकील होऊन बसतो. फी मात्र जूनपर्यंत थांबणार नाही. तिचं एवढंच आज वेगळं मागा, रक्कम आणि तारीख सांगून.

ते टाळतील तर दुसरी पायरी: दोघांना मान्य असा एक-दोन माणसांचा आधार, घरातलं वडीलधारं माणूस किंवा मच्छीमार सहकारी संस्थेतलं कोणी जाणतं. संस्थेकडे डिझेलच्या नोंदी असतात, म्हणजे तोंडी वादाला कागद मिळतो. बोटीची नोंदणी आणि परवाना कोणाच्या नावावर आहे तेही तेव्हाच पाहून घ्या. तिसरी पायरी धर्मग्रामाची: धर्मगुरूंच्या उपस्थितीत बैठक. त्यानेही झालं नाही तर तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. दूरध्वनी क्रमांक १५१००.

मग या सगळ्यात देवाला द्यायचं काय? दिराचं उत्तर. ते तुमच्या हातात नाहीच. जायच्या आदल्या रात्री असं म्हणा: ‘प्रभू, मला हिशोब हवा आहे. ते ओरडतील याची भीती वाटते. विचारायचं काम माझं, ते मी करीन. ते काय म्हणतील ते तुझ्याकडे.’ हवं आहे ते, भीती आहे ती, आपलं काम आणि देवाकडे सोपवायचं ते, चारही गोष्टी नाव घेऊन. हीच चार वाक्यं मुलाच्या नोकरीला, आजाराला, सुनेशी पटत नसेल तर तिथेही चालतात. फक्त तिसरं वाक्य गाळू नका. ते गाळलं की उरतं ते ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’. आणि चौथं गाळलं तर आपण देवाला कामाची यादी देत असतो.

बदल का होत नाही, हा तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटतो. रोमकरांस पत्रात १२व्या अध्यायात पौल मनाच्या नवीकरणाने रूपांतर ‘होऊ द्या’ असं लिहितो. ‘करा’ असं लिहीत नाही. मूळ ग्रीक क्रियापदही असंच आहे, आणि डोंगरावर प्रभूचं रूप पालटलं तिथे मार्कने तेच क्रियापद वापरलं आहे. त्या रूपांतराचा सण ६ ऑगस्टला येतो, बोटी पुन्हा पाण्यात गेलेल्या असतात तेव्हा. पण त्याच पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलं की आपलं तारण भीत आणि कापत साधून घ्या, आणि लगेच पुढे लिहिलं की तुमच्यात इच्छा आणि कृती दोन्ही घडवणारा देव आहे. देव करतो की आपण? हे तुम्हाला मी पुस्तकातून समजावण्यापेक्षा तुमची डोल, ते पिशवीसारखं जाळं, तुम्हाला लवकर समजावेल. डोल माशामागे धावत नाही. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ती बांधलेली असते, तोंड पाण्याच्या ओढीकडे. पाणी चालू लागलं की जाळं फुगतं आणि बोंबील, जवळा आपोआप आत येतो. ती ओढ कोणा तांडेलाने, बोटीच्या म्होरक्याने, निर्माण केलेली नसते. पण खुंट रोवले नाहीत, तोंड उलटं राहिलं, जाळं फाटकं असलं, किंवा पाणी फिरण्याआधी ओढायला बोट पोहोचली नाही, तर उधाणाची भरतीही काही देत नाही. तुम्ही साधनेत एकदा जाळं टाकलंत आणि चार वर्षं ते ओढायला गेलाच नाहीत.

ओढायला जाणं म्हणजे रोज रात्रीचं आत्मपरीक्षण. बारा मिनिटं पुरे. अंथरुणावर नको, तिथे झोप लागते. ओट्यावर किंवा पायरीवर बसा. इग्नेशियसचा क्रम पाच पायऱ्यांचा आहे आणि तो क्रम बदलू नये. आधी दोन मिनिटं आभार, तीन नेमक्या गोष्टींचे: पाटी वेळेत रिकामी झाली, मुलगा आपणहून पाणी भरून आला, पाय दुखला नाही. मग मिनिटभर पवित्र आत्म्याकडे उजेड मागायचा, कारण आपलं आपल्याला दिसतंच असं नाही. मग पाचेक मिनिटं दिवसभर फिरून यायचं: पहाटेची जेट्टी, बाजार, जेवण, संध्याकाळ. कुठे मन मोकळं होतं, कुठे आवळलं? मग दोन मिनिटं क्षमा, आणि शेवटची दोन उद्यासाठी. बहुतेक जण आभार गाळून थेट पापांवर येतात. त्याने चार दिवसांत स्वतःचा तिटकारा येतो आणि परीक्षण बंद पडतं. काही जण पहिल्या आठवड्यात अर्धा तास बसतात आणि दुसऱ्या आठवड्यात बसतच नाहीत. आणि एक चूक फार सूक्ष्म आहे: आपल्या दिवसाऐवजी जावेच्या दिवसाचं परीक्षण होतं. ‘ती आज असं बोलली’ इथे मन गेलं की परत फिरा: ‘तेव्हा मी काय केलं?’

याच्या जोडीला एक छोटी वही ठेवा. इग्नेशियसनेच सांगितलेली ही रीत आहे. दर दिवसाला दोन ओळी, एक दुपारची, एक रात्रीची. एका वेळी एकच दोष घ्यायचा आणि तो मोजता येण्याजोगा हवा. ‘राग’ नको, राग मोजता येत नाही. ‘जावेला टोचून बोलणं’ घ्या. सकाळी केस बांधताना म्हणा, आज हे नको, मदत कर. बाजारात किंवा बोंबील वाळवायला वलांडीवर घालताना तसा शब्द निघून गेलाच, तर हात क्षणभर छातीवर ठेवा. बाजूच्या बाईला कळणारही नाही. इग्नेशियसनेही हेच म्हटलं आहे, की हे चारचौघांत कोणाच्या लक्षात न येता करता येतं. दुपारी जेवणाआधी आठवून जितक्या वेळा झालं तितके ठिपके पहिल्या ओळीवर. रात्री उरलेले दुसरीवर. मग रात्रीची ओळ दुपारच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढलेले दिसतील. घाबरू नका. बोलणं वाढलेलं नसतं, दिसायला लागलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते कोणत्या वेळी जमतात हे कळेल. माझा अंदाज, दीर पैसे देऊन जातात त्या संध्याकाळी जास्त असतील. तसं निघालं तर दोष जिभेचा कमी आणि न मागितलेल्या हिशोबाचा जास्त.

पापनिवेदनाला महिन्यातून एकदा जा, शक्यतो त्याच धर्मगुरूंकडे, म्हणजे दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागत नाही. जाताना वही चाळून जा. ‘फादर, मी रागावते’ एवढ्यावर कोणी काय सांगणार? ‘या महिन्यात जावेला मुलांसमोर सहा वेळा घालून पाडून बोलले’ हे सांगितलं की बोलण्यासारखं काही असतं. दिराची पापं तिथे नेऊ नका. त्यांची ते निवेदन करतील.

रोझरी कोरडी वाटते त्याबद्दल थोडंच लिहिते. उधाण असतं तसा भांगही, म्हणजे कमी भरतीचे दिवसही, असतो. भांगात पाण्याला फारशी ओढ नसते आणि शहाणे मच्छीमार तेव्हा जाळी सांधतात, डोल विकायला काढत नाहीत. इग्नेशियसचा नियम हाच: मन सुकलेलं असताना आधीचे चांगले निर्णय बदलू नका. रोझरी सोडू नका. पन्नास मणी ओढवत नसतील तर एक रहस्य, दहा मणी, पण सावकाश. कोरडेपणाची तो तीन कारणं देतो: आपली हयगय, आपण सुखाशिवाय किती टिकतो याची पारख, आणि ते सुख आपल्या कमाईचं नव्हतं हे कळावं म्हणून. पहिलं तपासा. तुम्ही साधनेनंतर रोजचं परीक्षण केलं नाही, हे तुम्हीच लिहिलं आहे. तेवढं सुधारलं की उरलेली दोन देवाकडे ठेवा. आणि साधनेत आलेले ते अश्रू पुन्हा यावेत म्हणून दुसरी, तिसरी साधना गाठत फिरू नका. ते देणं होतं, मुक्कामाची जागा नव्हती.

बदल ओळखायचा कसा? राग येणं थांबलं का, हे पाहू नका. तो कदाचित आयुष्यभर येईल. येऊन गेल्यावर परत फिरायला किती वेळ लागतो ते पाहा. जावेशी आधी तीन दिवस अबोला असायचा, तो एका दिवसावर आला, मग संध्याकाळपर्यंत आला, तर आत काम चालू आहे. सूर्य मावळण्यापूर्वी राग मावळू द्या, हे पौलाने इफिसकरांना उगीच लिहिलेलं नाही. गलतीकरांस पत्रातल्या आत्म्याच्या फळाच्या नऊ खुणा, प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत, आपल्याला स्वतःत फारशा दिसत नाहीत, घरच्यांना दिसतात. सहा महिन्यांनी मुलीला विचारा. आणि क्षमा झाली की हिशोब मागायचा नसतो, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. क्षमा म्हणजे त्याचं वाईट व्हावं ही इच्छा सोडणं. वही बंद करणं ही वेगळी गोष्ट, आणि त्यात मुलांचा वाटा आहे.

प्रार्थनासमूह सोडा असं मी म्हणणार नाही. एकट्या बाईला तेवढी सोबत लागते आणि त्या बायका वाईट नाहीत. फक्त तुमचं समर्पण किती टक्के झालं हे त्यांना ठरवू देऊ नका. महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास बोलायला समूहाबाहेरचं, नात्याबाहेरचं एक माणूस शोधा. मार्गदर्शनाचं प्रशिक्षण घेतलेली एखादी सिस्टर (धर्मभगिनी) असली तरी उत्तम. आणि यापुढे कोणी गोळ्या थांबवायला सांगितलं, तर ते तुमच्या धर्मगुरूंच्या कानावर घाला. उद्या त्याच सभेत दुसरी कोणी तुमच्याहून जास्त साखर घेऊन बसलेली असेल.

या रविवारी मिस्सानंतर धर्मगुरूंकडून नवसाबद्दल बोलायची वेळ मागून घ्या, पंधरा मिनिटं पुरतील. सोमवारी तपासणीला जा. उपाशीपोटीच्या साखरेसाठी आठ तास पाण्याशिवाय काही चालत नाही, तेव्हा रात्री लवकर जेवा, रक्त देईपर्यंत गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारा, आणि भाकरीचा डबा सोबत न्या. रक्त दिलं की तिथेच बाकावर बसून खा, मग बाजाराला जा.